वरचा पत्रा, आतली भिंत : इमारतींच्या धातूच्या आवरणाचा इतिहास आणि एक आग्रह

१/२४
सांगली जिल्ह्यातील कडेगाव महाराष्ट्रभर ओळखले जाते ते मोहरमच्या ताबुतांसाठी. शंभर फुटांहून उंच, अष्टकोनी, मजल्यावर मजला चढत गेलेले हे ताबूत हिंदू आणि मुस्लिम अशा दोन्ही समाजांचे असतात आणि त्यांच्या भेटी पाहायला पंचक्रोशी लोटते. भक्ती आणि ऐक्य हा त्यांचा आत्मा. पण त्यांच्याकडे बांधकाम म्हणून पाहिले तर आणखी एक गोष्ट दिसते. आत बांबूचा सांगाडा, वर रंगीत कागदाचे आवरण. भार सांगाडा वाहतो आणि रूप आवरण देते. जगातील बहुतेक आधुनिक उंच इमारती याच विभागणीवर उभ्या आहेत.

२/२४
ताबुताच्या कागदाला कोणी शाश्वत मानत नाही. तो दर मोहरमला नव्याने चढतो. त्याच गावांच्या बाजारपेठांत दुकानांच्या, दवाखान्यांच्या, पतसंस्थांच्या दर्शनी बाजूंवर अलीकडे जो चकचकीत धातूचा पत्रा चढतो आहे, तो मात्र कायमचा समजला जातो. या धाग्याचा आग्रह एवढाच आहे : धातूचे आवरण निवडताना रंगाच्या आधी तीन प्रश्न विचारले पाहिजेत. त्याच्या आत काय आहे? ते म्हातारे कसे होणार? आणि मूळ भिंतीला इजा न करता ते उतरवता येईल का? हे प्रश्न नवे नाहीत. इतिहासाने ते पुनःपुन्हा विचारले आहेत आणि उत्तर न देणाऱ्यांकडून किंमतही वसूल केली आहे.

३/२४
आधी शब्दांकडे पाहू. धातूने झाकण्याच्या क्रियेला मराठीत एकच शब्द नाही. देव्हारा चांदीने ‘मढवतात’. दागिन्याला सोन्याचा ‘मुलामा’ देतात. तांब्या-पितळेच्या भांड्याला आतून ‘कल्हई’ करतात. मिठाईवर ‘वर्ख’ लावतात. मढवण्यात पत्रा वेगळा असतो आणि खिळ्यांनी बसतो. तो उतरवता येतो. मुलामा मूळ धातूशी एकजीव होतो. कल्हई झिजते आणि पुन्हा करावी लागते. वर्ख केवळ क्षणाच्या शोभेपुरता. आज ‘मेटल फिनिश’ या एका शब्दाखाली जे विकले जाते, त्यातील कोणते मढवणे, कोणता मुलामा, कोणती कल्हई आणि कोणता नुसता वर्ख, हे ओळखणे हीच निवडीची पहिली पायरी आहे.

४/२४
महाराष्ट्रातील जुन्या वास्तूंत धातू भिंतभर पसरलेला क्वचितच दिसतो. तो जेथे घाव बसेल, हात लागेल किंवा नजर ठरेल तेथेच येतो : दरवाजा, उंबरठा, चौकट, कळस. पुण्याच्या शनिवारवाड्याचा दिल्ली दरवाजा हे ठळक उदाहरण. लाकडी फळ्यांवर लोखंडी आवरण आणि हत्तीची धडक थोपवणारे अणकुचीदार खिळे. वाडा १७३२ मध्ये उभा राहिला. २७ फेब्रुवारी १८२८ रोजी लागलेल्या आगीत त्याचे लाकडी मजले भस्मसात झाले. दगडी जोते, तट आणि दरवाजा मागे उरले. आगीपुढे काय टिकते आणि काय नाही, याचा हा धडा आजही पुण्याच्या मध्यवस्तीत उभा आहे.

५/२४
दुसरे टोक सोन्याचे. नांदेड येथील तख्त सचखंड श्री हजूर साहिबची वास्तू महाराजा रणजितसिंह यांच्या पाठबळाने १८३२ ते १८३७ या काळात बांधली गेली आणि तिच्या घुमटाची सोनेरी झळाळी दुरूनही दिसते. सोने हवेशी किंवा पाण्याशी रासायनिक क्रिया करत नाही, म्हणून त्याचा अत्यंत पातळ थरही पिढ्यान्‌पिढ्या तेज राखतो. परंतु हा मार्ग श्रद्धेने आणि संपत्तीने शक्य होतो. बाकी सर्व धातूंना हवेशी काही ना काही तडजोड करावी लागते. त्या तडजोडीचे स्वरूप म्हणजेच ‘फिनिश’.

६/२४
या तडजोडी मुख्यतः चार प्रकारच्या आहेत.
सोन्याची रीत : बदलायचेच नाही.
तांब्याची रीत : हळूहळू काळवंडायचे, मग हिरवट व्हायचे आणि त्या थराखाली स्थिरावायचे.
जस्ताची रीत : आतील लोखंड वाचवण्यासाठी स्वतः झिजायचे.
रंगाची रीत : धातू आणि हवा यांच्यामध्ये पडदा धरायचा.
पहिल्या रीतीला पैसा लागतो, दुसरीला धीर, तिसरीला मोजमाप आणि चौथीला देखभाल. ‘काहीच करावे लागणार नाही’ अशी पाचवी रीत मात्र धातूशास्त्राला ठाऊक नाही. ती फक्त विक्रीच्या पत्रकांत आढळते.

७/२४
देखभालीची सवय मराठी घरांना नवी नव्हती. दारोदार फिरणारा कल्हईवाला ही त्या सवयीची खूण होती. भट्टी पेटवायची, भांडे तापवायचे, नवसागर टाकायचा, कथिलाचा तुकडा फिरवून कापडाने पुसायचे की आतील बाजू रुपेरी होई. वर्षा-दोन वर्षांनी पुन्हा तेच. कल्हई उडाली म्हणून कोणी फसवणुकीची तक्रार करत नसे, कारण ती उडणार हे सर्वांना माहीत होते. वस्तूबरोबरच तिची पुढची दुरुस्तीही घरात येत असे. आजच्या पॅनेलच्या करारात हा कल्हईवाला कोठेच नसतो. काम संपले की फॅब्रिकेटर पुढच्या गावी, आणि दहा वर्षांनी तोच रंग, तीच जाडी मिळेलच असेही नाही.

८/२४
दोन धातू एकत्र आणताना काय घडते, हे जगाला समुद्राने शिकवले. १७६१ मध्ये ब्रिटिश नौदलाने ‘अलार्म’ या युद्धनौकेच्या तळाला तांब्याचा पत्रा मारला. लाकूड पोखरणाऱ्या किड्यांपासून बचाव झाला, पण दोन वर्षांतच दिसले की पत्र्याला टेकलेले लोखंडी खिळे कुजून गेले आहेत. काही खिळे मात्र शाबूत होते. पत्रे ज्या तपकिरी कागदात गुंडाळून आले होते, तो कागद त्या ठिकाणी मध्ये राहून गेला होता. खारे पाणी, तांबे आणि लोखंड मिळून विजेचा घटच तयार होत होता आणि कमकुवत धातू त्यात विरघळत होता. एका निष्काळजी कागदाने जे वाचवले, ते पुढे शास्त्र झाले.

९/२४
मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्याने मलबारी सागवानात बांधलेली जहाजे याच युगातील. त्यांपैकी १८१७ ची ‘ट्रिंकोमाली’ आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूल येथे तरंगते आहे. समुद्राचा तो धडा पुढे जमिनीवर एका जगप्रसिद्ध पुतळ्याला गिरवावा लागला. न्यूयॉर्कची स्वातंत्र्यदेवता, १८८६. आत गुस्ताव आयफेल यांचा लोखंडी सांगाडा, वर सुमारे २.४ मिलिमीटर जाडीचे तांब्याचे कातडे. दोहोंमध्ये स्पर्श होऊ नये म्हणून लाखेत भिजवलेले ॲस्बेस्टॉस घातले होते. ते कालांतराने निकामी झाले आणि लोखंडाच्या पट्ट्या गंजून फुगल्या. १९८४ ते १९८६ च्या दुरुस्तीत त्यांच्या जागी स्टेनलेस स्टील आले. शंभर वर्षांत तांब्याचे कातडे टिकले. बिघडला तो सांधा.

१०/२४
हा मुद्दा कडेगावच्या कोणत्याही दुकानाला तितकाच लागू आहे. ॲल्युमिनियमचे पॅनेल सहसा लोखंडी किंवा ॲल्युमिनियमच्या चौकोनी पाइपांच्या चौकटीवर बसते. लोखंडी पाइपला रंग नसेल, आणि रिवेट, स्क्रू व पॅनेल यांच्यात विजातीय धातू थेट भिडत असतील, तर पावसाचे पाणी साचणाऱ्या प्रत्येक सांध्यात ‘अलार्म’ नौकेची कथा लहान प्रमाणावर सुरू होते. घाटमाथ्याच्या पूर्वेला, पर्जन्यछायेत, ती सावकाश चालते. रत्नागिरी-वेंगुर्ल्याच्या खाऱ्या हवेत वेगाने. बाहेरून पॅनेल चकचकीत असते. गंज मागे असतो, आणि मागे पाहायला कोणी जात नाही.

११/२४
आता सामान्य माणसाच्या धातूकडे येऊ : पत्रा. लंडनच्या गोदीतील अभियंता हेन्री रॉबिन्सन पामर याने १८२९ मध्ये पन्हळी लोखंडी पत्र्याचे पेटंट घेतले. कल्पना साधी होती. सपाट पातळ पत्रा वाकतो. त्याला लाटा पाडल्या की तोच पत्रा स्वतःचा भार पेलतो. अडचण गंजाची होती. ती फ्रान्सच्या स्तानिस्लास सोरेल याच्या १८३७ च्या पेटंटने सुटली : लोखंड वितळलेल्या जस्तात बुडवायचे. घडीने मिळालेली ताकद आणि जस्ताने मिळालेले आयुष्य यांच्या संयोगातून असे छप्पर जन्मले, जे जहाजातून गठ्ठ्यांनी नेता येई आणि पोहोचल्यावर थोड्या वेळात उभे राही. साम्राज्याच्या वखारी, बराकी, रेल्वेच्या शेड यांनी ते जगभर पसरवले.

१२/२४
दख्खनच्या कोरड्या पट्ट्यात या पत्र्याने माळवदाची जागा घेतली. लाकडी तुळयांवर फळ्या किंवा काटक्या आणि वर मातीचा जाड थर असलेले माळवद उन्हाळ्यात घर गार ठेवी. पण ते जड असे, गळे आणि दर पावसाळ्यापूर्वी त्यावर नवी माती चढवावी लागे. पत्रा हलका, स्वस्त आणि झटपट. त्याने गरिबाच्या डोक्यावरचे ओझे उतरवले हे विसरता कामा नये. त्याची किंमत उष्णतेत आणि पावसाच्या आवाजात मोजावी लागली. दर्जाची किल्ली तेव्हाही जस्ताच्या थरात होती आणि आजही तेथेच आहे. पत्र्यावर २७५ हा आकडा असेल, तर एका चौरस मीटरवर दोन्ही बाजूंचे मिळून २७५ ग्रॅम जस्त आहे. हा आकडा निम्म्याने कमी झाला की आयुष्यही जवळपास त्याच प्रमाणात घटते. दुकानात भाव विचारला जातो. हा आकडा क्वचितच.

१३/२४
धातू अंगावर मिरवणारी आणि त्यासाठी भोगणारी इमारत पाहायची, तर मुंबईच्या काळा घोडा परिसरात जावे. वॉटसन हॉटेल, म्हणजे आजचे एस्प्लनेड मॅन्शन. रोलंड मेसन ऑर्डिश याची रचना, इंग्लंडमध्ये ओतलेले लोखंडी भाग, जहाजाने आणून १८६७ ते १८६९ या काळात मुंबईत केलेली जुळणी. ७ जुलै १८९६ रोजी ल्युमिएर बंधूंच्या चलच्चित्रांचा भारतातील पहिला खेळ येथेच झाला. लोखंडी सांगाडा दर्शनी बाजूलाच उघडा ठेवण्याचे ते धाडस होते. पुढे इमारतीचे तुकडे पडले, भाडेकरू वाढले आणि देखभाल खुंटली. २००५ मध्ये तिचा काही भाग कोसळला. ओतीव लोखंडाला रंगाचा पडदा नियमित लागतो. तो देणारा कोणी उरला नाही की अभिमानाची वास्तू धोकादायक ठरते.

१४/२४
धातूवरील विश्वासाचाही इतिहास आहे आणि त्याचे एक पान कडेगावच्या शेजारी, आजच्या पलूस तालुक्यात लिहिले गेले. १९१० मध्ये औंध संस्थानच्या माळरानावर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी किर्लोस्करवाडी वसवली. त्यांचा लोखंडी नांगर सुरुवातीला शेतकरी घेईनात. लोखंडाने जमीन बाधते असा समज होता. नांगर शेतात चालला, फाळ बदलता येतो हे दिसले, तेव्हा विश्वास बसला. त्या पिढीने धातूला पारखून घेतले, आणि पारख झाल्यावरच घरात आणले. आज परिस्थिती उलट आहे. धातू चमकतो म्हणून तो चांगलाच असणार, असे गृहीत धरले जाते. जुन्या संशयातील अज्ञान टाकून द्यावे. पारखण्याची वृत्ती मात्र ठेवण्याजोगी आहे.

१५/२४
ॲल्युमिनियम हा या कथेतील सर्वांत तरुण धातू. १८८६ मध्ये अमेरिकेत चार्ल्स हॉल आणि फ्रान्समध्ये पॉल एरू यांनी स्वतंत्रपणे विजेच्या साहाय्याने तो मिळवण्याची पद्धत शोधली, तोवर तो मौल्यवान गणला जाई. त्याचे खनिज बॉक्साइट. दक्षिण महाराष्ट्राला हे नाव परके नाही. कोल्हापूर जिल्ह्यातील जांभ्याच्या डोंगरमाथ्यांवरून बॉक्साइट निघून बेळगावच्या कारखान्यात जात आले आहे. हवेचा स्पर्श होताच ॲल्युमिनियमवर पातळ, घट्ट थर चढतो आणि तोच त्याचे रक्षण करतो. विजेच्या प्रक्रियेने हा थर मुद्दाम जाड करणे म्हणजे ॲनोडायझिंग. बाहेरच्या वापरासाठी तो २० ते २५ मायक्रॉन असावा लागतो. तो रंगासारखा सोलत नाही, कारण तो वरून लावलेला नसतो. धातूतूनच वाढलेला असतो.

१६/२४
बाजारपेठांत मात्र बहुतांशी दिसते ते ॲल्युमिनियम कंपोझिट पॅनेल, म्हणजे एसीपी. १९६९ च्या सुमारास स्वित्झर्लंडच्या अलुस्विस कंपनीने ते बाजारात आणले. दोन पातळ ॲल्युमिनियमचे पत्रे आणि मध्ये दुसऱ्या पदार्थाचा थर. एकूण जाडी साधारण ३ ते ४ मिलिमीटर. इमारतीसाठी योग्य पॅनेलमध्ये प्रत्येक पत्रा अर्ध्या मिलिमीटरचा असतो. पाट्यांसाठी बनवलेल्या स्वस्त पॅनेलमध्ये तो त्याच्या निम्माही नसतो. दोन्ही दिसायला सारखेच. भिंतीवर चढल्यावर डोळ्यांना फरक कळत नाही. तो काही उन्हाळे गेल्यावर पोपडे आणि फुगवट्यांतून कळतो. धातूच्या नावाने विकत घेतलेल्या या वस्तूचा मोठा भाग धातू नसतोच, हे येथे लक्षात ठेवावे.

१७/२४
रंगाचा प्रश्न येथे येतो. एसीपीवरील स्वस्त लेप पॉलिएस्टरचा असतो. उन्हातील अतिनील किरण त्याचे रेणू तोडतात. चमक जाते आणि हात फिरवला की खडूसारखी भुकटी बोटांना लागते. महाग लेप पीव्हीडीएफ या फ्लोरिनयुक्त बहुवारिकाचा. कार्बन आणि फ्लोरिन यांचा बंध इतका बळकट असतो की ऊन त्याला सहज तोडू शकत नाही. कडेगावसारख्या ठिकाणी, जेथे पाऊस थोडा आणि ऊन भरपूर, तेथे गंजापेक्षा मोठा शत्रू सूर्य आहे. म्हणून दुकानाच्या आतील सजावटीला पॉलिएस्टर चालेल. पश्चिमेकडे तोंड असलेल्या दर्शनी भागावर तो लावणे म्हणजे वर्खाला मुलाम्याचा भाव देणे होय.

१८/२४
सूर्य आणखी एक खेळ करतो. ॲल्युमिनियम तापले की पसरते : एका मीटरला, प्रत्येक अंश सेल्सिअसमागे, सुमारे २४ मायक्रॉन. आकडा क्षुल्लक वाटतो. समजा तीन मीटर लांबीचे गडद पॅनेल हिवाळ्याच्या पहाटे १० अंशांवर असते आणि एप्रिलच्या दुपारी त्याचा पृष्ठभाग ७० अंशांवर जातो. फरक ६० अंशांचा, वाढ चार मिलिमीटरहून अधिक. ही वाढ सामावण्यासाठी सांध्यात फट आणि लांबट छिद्रे ठेवली नाहीत, तर पॅनेल पोट काढते, स्क्रू सैल होतात आणि सिलिकॉन फाटते. गडद रंग अधिक तापतो, अधिक पसरतो आणि लवकर विटतो. पठारी प्रदेशात फिका, मंद चमकेचा रंग निवडणे ही रुचीइतकीच भौतिकशास्त्राची मागणी आहे.

१९/२४
आणि मग आग. १४ जून २०१७ रोजी लंडनच्या ग्रेनफेल टॉवरमध्ये ७२ माणसे मरण पावली. १९७४ ची २४ मजली काँक्रीटची इमारत. २०१६ मध्ये पूर्ण झालेल्या नूतनीकरणात तिला बाहेरून नवे आवरण चढवले होते. आधी जस्ताचे आवरण सुचवले गेले होते. खर्च वाचवण्यासाठी त्याऐवजी पॉलिथिलीनच्या गाभ्याचे ॲल्युमिनियम पॅनेल निवडले गेले. बचत सुमारे तीन लाख पौंडांची. एका स्वयंपाकघरात लागलेली आग त्या आवरणाला पोहोचली आणि त्यावरून इमारतभर पसरली. मूळ काँक्रीटमध्ये ४० वर्षे जे घडले नाही, ते नव्या कातड्याने घडवले. सरकारी चौकशीने आगीच्या फैलावाचे मुख्य कारण म्हणून या आवरणावरच बोट ठेवले.

२०/२४
तालुक्याच्या गावात २४ मजले नसतात, हे खरे. हिशेब मात्र करून पाहावा. चार मिलिमीटरच्या पॅनेलमध्ये तीन मिलिमीटर पॉलिथिलीन असेल, तर दर चौरस मीटरला सुमारे पावणेतीन किलो प्लास्टिक. शंभर चौरस मीटरच्या दर्शनी भागावर पावणेतीनशे किलो. वजनास वजन धरले तर ते जळताना पेट्रोल-डिझेलच्या तोडीची उष्णता देते. खाली दुकान, वर शिकवणीचा वर्ग किंवा दवाखाना, जिना एकच आणि तोही याच बाजूला, खिडक्या पॅनेलखाली बुजलेल्या : ही रचना अनेक गावांत दिसते. पॅनेल आणि भिंत यांच्यातील पोकळी धुराड्यासारखे काम करते. खनिजयुक्त, आग मंद करणारा गाभा उपलब्ध आहे; तो महाग आहे. ही किंमत रंगावर खर्च करण्याआधी येथे खर्च झाली पाहिजे.

२१/२४
आवरण उतरवण्याचे धैर्यही इतिहासात आहे, आणि त्याचे अलीकडचे उदाहरण पंढरपूरचे. २०२४ मध्ये विठ्ठल मंदिराच्या जतन-संवर्धनाच्या कामात गाभाऱ्यातील चांदीचे आवरण उतरवण्यात आले आणि आतील मूळ दगडी बांधणी पुन्हा दृष्टीस पडली. चांदी श्रद्धेने मढवलेली होती, तिच्या हेतूविषयी शंका नाही. परंतु दगडाला काय झाले आहे हे चांदी असताना दिसणे शक्य नव्हते. येथे मढवण्याच्या जुन्या रीतीचा गुण कामी आला : पत्रा उतरवता आला. मूळ दगडावर अविभाज्य लेप असता, तर प्रश्न अधिक कठीण झाला असता.

२२/२४
व्यापाऱ्याची बाजूही ऐकली पाहिजे. जुन्या भिंतीचा गिलावा ढासळला आहे, चुन्याचे काम जाणणारा गवंडी मिळत नाही, लाकडाला वाळवी आहे, शेजारच्या दुकानाने कात टाकली आहे आणि दिवाळी जवळ आली आहे. एसीपी चार दिवसांत सगळे झाकते. त्याला दोष देणे सोपे आहे. पण पर्याय त्याच्यासमोर कोणी ठेवलेलाच नसतो. तरीही जे झाकले जाते ते केवळ जुनाट नसते. कोरीव तुळईची टोके, दगडी जोते, सज्जाचे कठडे, दारावरील बांधकामाचे साल : हा गावाच्या इतिहासाचा दप्तरखानाच आहे. शिवाय चुन्याची जुनी भिंत ओल बाहेर टाकून कोरडी राहते. तिच्यावर घट्ट आवरण ठोकले की ओल आतच कोंडते आणि वाळवीला अंधार मिळतो.

२३/२४
म्हणून पठारी गावांसाठी निवड अशी असावी.
जुना वाडा किंवा दगडी-लाकडी दर्शनी भाग असेल, तर त्यावर पॅनेल नकोच. पाटीपुरता धातू पुरेसा. झाकणे अटळच असेल, तर भिंतीला कमीत कमी छिद्रे पाडून स्वतंत्र चौकट, मागे हवा खेळती आणि सगळे उलगडता येईल असे स्क्रू.
नवी इमारत असेल, तर जाड थराचे ॲनोडाइज्ड ॲल्युमिनियम किंवा पीव्हीडीएफ लेपाचा एकसंध पत्रा. एसीपीच हवे असेल, तर खनिजयुक्त गाभ्याचे आणि चाचणीच्या प्रमाणपत्रासह.
गोदामाला किंवा शेडला जस्ताचा आकडा पाहून घेतलेला साधा पन्हळी पत्रा आजही प्रामाणिक आणि उत्तम.
ज्याला धीर आहे त्याने तांबे वापरावे. कोरड्या हवेत त्यावर हिरवा थर यायला फार काळ जाईल. तोवर त्याचा तपकिरी रंगही देखणाच असतो.

२४/२४
सार्वजनिक पैशातून होणाऱ्या इमारतींकडून अपेक्षा अधिक कडक हवी. ग्रामपंचायत, नगरपंचायत, शाळा, रुग्णालय यांच्या दर्शनी भागावर धातू चढणार असेल, तर पॅनेलच्या गाभ्याचा प्रकार, पत्र्याची जाडी, लेपाचे नाव आणि देखभालीची जबाबदारी या चार गोष्टी कामाच्या फलकावर मराठीत लिहिल्या जाव्यात. त्यासाठी वेगळा निधी लागत नाही. इतिहासप्रेमी तरुणांसाठीही एक काम आहे. बाजारपेठेत एखाद्या जुन्या दर्शनी भागासमोर परांची उभी राहिलेली दिसली, की पॅनेल चढण्यापूर्वी त्या भिंतीची, तुळईची, कोरलेल्या सालाची नीट छायाचित्रे घ्यावीत, मापे टिपावीत आणि मालकाला नम्रपणे विचारावे : ‘‘काका, याच्या आत प्लास्टिक आहे का?’’ पुष्कळदा हा प्रश्न त्याला तोवर कोणी विचारलेलाच नसतो.